बेडकाच्या त्वचेचं व्होल्टेज पडतंय? दुसरा बेडूक घेण्याआधी हे तपासा

तक्रार ठरलेली असते. उसिंग चेंबरमध्ये, म्हणजे दोन कप्प्यांच्या मध्ये अडकवून त्वचेचं व्होल्टेज मोजायच्या उपकरणात, त्वचा लावली, सुरुवातीला साठ मिलिव्होल्टच्या आसपास दिसले, अर्ध्या तासात पंधरावर आले आणि तिथेच बसले. त्यापुढचं वाक्यही ठरलेलं: "त्वचाच खराब निघाली, दुसरी लावते."

दुसरी त्वचा म्हणजे दुसरा बेडूक. म्हणून हे लिहिते आहे. युरोपातल्या एका विद्यापीठाच्या शरीरक्रियाशास्त्र विभागात ही चेंबर्स सांभाळणं हे माझं रोजचं काम आहे आणि हाच बिघाड वेगवेगळ्या विद्यार्थ्यांकडून पुन्हा पुन्हा माझ्या टेबलावर येतो. बहुतेक वेळा त्वचा निर्दोष असते. दोष सापडतो तो इलेक्ट्रोडमध्ये, अगरच्या ब्रिजमध्ये (इलेक्ट्रोड आणि द्रावण जोडणाऱ्या, अगरने भरलेल्या नळीत), द्रावणात, नाहीतर त्वचा आवळून बसवण्याच्या पद्धतीत. यातलं जवळपास सगळं प्राण्याला हात न लावता तपासता येतं.

लक्षणं

आपल्याकडे नेमकं काय होतंय ते आधी वहीत लिहा. "रीडिंग बरोबर नाही" एवढ्यावर काही ठरत नाही. मला नेहमी दिसणारे प्रकार असे:

- व्होल्टेज चांगलं सुरू होतं आणि वीस-तीस मिनिटांत घसरतं. रोधही घसरतो.
- व्होल्टेज पहिल्यापासूनच कमी, पण रोध ठीक किंवा नेहमीपेक्षा जास्त. करंट मात्र अगदी थोडा.
- त्वचा नसतानाही काही मिलिव्होल्ट दिसतात आणि ते सावकाश सरकत राहतात.
- चिन्ह उलटं येतं, म्हणजे आतली बाजू बाहेरच्यापेक्षा ऋण दिसते.
- स्क्रीनवरची रेघ थरथरते, हात जवळ नेला की उडी मारते.
- अमिलोराइड (सोडियमच्या वाहिन्या बंद करणारं औषध) घातलं तरी करंट हलत नाही.

पहिला प्रकार सगळ्यात जास्त दिसतो आणि सगळ्यात जास्त बेडूक त्याच्यापायी वाया जातात. त्यावर खाली जरा जास्त लिहिलं आहे.

हे व्होल्टेज येतं कुठून

हे माहीत असल्याशिवाय पुढच्या तपासण्या नुसत्या पाठ कराव्या लागतील, म्हणून थोडक्यात सांगते.

बेडकाच्या रक्तात शंभर मिलिमोलरच्या आसपास सोडियम असतं, आणि तो ज्या तळ्यात बसतो तिथे त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकंही नसतं. अंगातलं मीठ सतत पाझरत जातं, ते त्वचेतून परत ओढून घ्यावं लागतं. त्वचेच्या बाहेरच्या जिवंत पेशींच्या बाहेरच्या पडद्यात सोडियमच्या वाहिन्या असतात. सोडियम त्यांतून पेशीत उतरतं. आतल्या बाजूच्या पडद्यात सोडियम-पोटॅशियम पंप असतो. तो प्रत्येक फेरीत 3 सोडियम शरीराच्या बाजूला ढकलतो आणि 2 पोटॅशियम पेशीत घेतो. हे पोटॅशियम आतल्याच पडद्यातल्या वाहिन्यांमधून पुन्हा बाहेर झिरपतं. हिशोब केला तर धन प्रभार बाहेरून आत जात राहतो आणि क्लोराइड त्याच्या मागून ओढलं जातं. त्वचेची आतली बाजू धन होते ती यामुळे.

त्वचेला व्होल्टेज असतं हे दु ब्वा-रेमों यांनी 1840 च्या दशकातच पाहिलं होतं. त्याचं कारण कळायला मात्र शंभर वर्षं गेली. डेन्मार्कमध्ये हान्स उसिंग यांनी त्वचेच्या दोन्ही बाजूंना एकच रिंगर (रक्तासारखं क्षारांचं द्रावण) भरलं आणि बाहेरून करंट देऊन व्होल्टेज शून्यावर धरलं. आता सांद्रतेचा फरक नाही, विजेचा फरकही नाही. आयनांना ढकलणारं बाहेरचं काहीच उरलं नाही. तरीही करंट वाहतच राहिला. 1951 मध्ये उसिंग आणि झेरान यांनी किरणोत्सारी सोडियम वापरून दाखवलं की हा करंट म्हणजे आत जाणाऱ्या निव्वळ सोडियमचाच प्रवाह आहे. 1957 मध्ये येन्स स्को यांना खेकड्याच्या मज्जातंतूत पंपाचं विकर सापडलं, ज्यासाठी 1997 चं नोबेल मिळालं. 1958 मध्ये कोफोड-योन्सेन आणि उसिंग यांनी दोन पडद्यांचं चित्र मांडलं: बाहेरचा पडदा सोडियमला खुला, आतला पोटॅशियमला. आजही बिघाड शोधताना मी तेच चित्र डोळ्यासमोर ठेवते. मूत्रपिंडातली आणि फुप्फुसातली सोडियम-वाहतूकसुद्धा पुढे याच वाटेने समजत गेली.

आधी रोध मोजा

हे एकच वाक्य कुणी लक्षात ठेवलं तरी या लेखाचं काम झालं: नुसतं व्होल्टेज बघून त्वचेबद्दल काहीही म्हणू नका. व्होल्टेज, शॉर्ट-सर्किट करंट (व्होल्टेज शून्यावर धरलं असताना वाहणारा करंट) आणि रोध हे तीन आकडे एकत्र लिहा.

चांगल्या राना जातीच्या पोटाच्या त्वचेत रोध साधारण 1000 ते 4000 ओहम-चौ. सेंमी. आणि करंट 20 ते 100 मायक्रोअँपिअर प्रति चौ. सेंमी. मिळतो. समजा करंट 30 आहे आणि रोध 2000. गुणाकार केला की व्होल्टेज 60 मिलिव्होल्ट. (30 मायक्रोअँपिअर म्हणजे दर चौ. सेंमी.मधून तासाला साधारण 1.1 मायक्रोमोल सोडियम आत जातंय.)

आता त्वचेच्या कडेला गळती लागली आणि एकूण रोध 500 वर आला. पंप पूर्वीसारखाच चालू आहे, पण उघड्या सर्किटमधलं व्होल्टेज 30 गुणिले 500, म्हणजे 15 मिलिव्होल्ट. सुरुवातीच्या तक्रारीतला आकडा हाच आहे. आणि शॉर्ट-सर्किट करंट? तो जवळजवळ 30 च राहतो. व्होल्टेज शून्य आणि दोन्ही बाजूंना एकच द्रावण असेल तर गळतीच्या वाटेने काहीच वाहत नाही. म्हणजे व्होल्टेज पडलं, रोध पडला, करंट टिकला, तर गळती शोधा. पेशींना काही झालेलं नाही.

उलट करंट 8 वर आला आणि रोध वाढून 3000 झाला, तर व्होल्टेज 24. हेही कमीच दिसतं, पण कारण वेगळं: सोडियम आत शिरत नाही किंवा पंप मंदावला आहे. तेव्हा द्रावण, हवा, तापमान आणि शेवटी प्राणी या क्रमाने जा.

रोध मोजायला दर मिनिटाला एखादा सेकंद 10 मिलिव्होल्टचा छोटा ठोका द्या, करंट किती बदलला ते पाहा आणि भागाकार करा. बहुतेक व्होल्टेज-क्लॅम्प (व्होल्टेज हव्या त्या आकड्यावर धरून ठेवणाऱ्या) यंत्रांत ही सोय असतेच, फक्त कुणी सुरू करत नाही.

फुकटच्या तपासण्या

बाजू आणि तारा. कुठली तार बाहेरच्या बाजूची आणि कुठली आतली, हे रंगाच्या चिकटपट्टीने कायमचं नोंदवा. त्वचेची आतली बाजू ओळखायला ती उजेडासमोर ओल्या अवस्थेत धरा. बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं ज्या बाजूला स्पष्ट दिसतं ती आतली. चिन्ह उलटं येत असेल तर दहातल्या नऊ वेळा एवढंच असतं. अमिलोराइडचा परिणाम न होण्यामागेही पुष्कळदा हेच सापडतं: ते बाहेरच्या बाजूच्या वाहिन्या बंद करतं, आणि त्वचा उलटी बसली असेल तर औषध चुकीच्या बाजूला गेलेलं असतं.

पातळी. दोन्ही कप्प्यांमधलं रिंगर एकाच उंचीवर आहे का? एका बाजूला पाणी जास्त झालं की त्वचा दुसऱ्या बाजूला फुगते, ताणते आणि कडेच्या पेशी सुटतात. आतल्या बाजूला दाब जास्त झाला तर नुकसान लवकर होतं. बाहेरच्या बाजूला किंचित जास्त दाब चालतो, कारण त्वचा मग मागच्या जाळीवर टेकून राहते.

बुडबुडे. फ्रिजमधून काढलेलं रिंगर थेट चेंबरमध्ये ओतलं की खोलीच्या तापमानाला येता येता त्यातली विरघळलेली हवा बाहेर पडते आणि बारीक थेंबांसारखी त्वचेवर चिकटते. जेवढा भाग हवेने झाकला तेवढा कामातून गेला. करंट कमी दिसतो, रोध खोटा वाढतो, आणि हे सगळं नेमकं वीस-तीस मिनिटांनी होतं, त्यामुळे त्वचा मरत चालली आहे असं वाटतं. टॉर्च लावून बाजूने पाहा. बुडबुडा दिसला तर पिपेटने हलकी धार सोडून तो उडवा. पुढच्या वेळी रिंगर आधीच बाहेर काढून ठेवा.

बीकरची चाचणी

व्होल्टेज मोजणारे दोन्ही अगर-ब्रिज चेंबरमधून काढा आणि त्यांची टोकं रिंगर भरलेल्या एकाच बीकरमध्ये शेजारी-शेजारी बुडवा. त्वचा आहे तिथेच राहू द्या. आता मीटरवर शून्य यायला हवं. एक मिलिव्होल्टच्या आत असेल आणि दहा मिनिटं हललं नाही, तर इलेक्ट्रोड आणि ब्रिज दोन्ही निर्दोष. तीन, पाच, आठ मिलिव्होल्ट दिसत असतील किंवा आकडा सरकत असेल, तर त्वचेला दोष देण्याचा प्रश्नच येत नाही.

दोष कशात आहे हे शोधायला अदलाबदल करा. इलेक्ट्रोड जागेवर ठेवून फक्त ब्रिज एकमेकांच्या जागी लावा. चिन्ह उलटलं तर खोट ब्रिजमध्ये. तेच राहिलं तर इलेक्ट्रोडमध्ये. ही दोन मिनिटांची चाचणी लोक करत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण निम्मी उत्तरं इथेच मिळतात.

इलेक्ट्रोड चांदी-सिल्व्हर क्लोराइडचे असतील तर रंग बघा. नीट क्लोराइड चढलेली तार करडी-जांभळट, मंद असते. कुठे पांढरी चमक दिसली तर तिथे थर खरवडला गेला आहे आणि उघडी चांदी द्रावणाला लागते आहे. बारीक एमरी पेपरने तार साफ करा, डिस्टिल्ड वॉटरने धुवा, आणि घरगुती ब्लीचमध्ये म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटमध्ये रंग चढेपर्यंत बुडवून ठेवा. पुन्हा भरपूर धुवा. दोन्ही तारा एकाच वेळी, एकाच बाटलीत करा. एक नवी आणि एक जुनी अशी जोडी कधीच शून्यावर बसत नाही. मग दोन्ही तारा एकमेकींना जोडून रात्रभर रिंगरमध्ये ठेवल्या की सकाळी फरक जवळपास मिटलेला असतो. सिल्व्हर क्लोराइड उजेडाला संवेदनशील असतं, म्हणून खिडकीतलं ऊन इलेक्ट्रोडवर पडू देऊ नका.

ब्रिज नवे करणं स्वस्त आहे, त्यामुळे जुने दुरुस्त करत बसू नका. 100 मिलिलिटर द्रावणात 3 ग्रॅम अगर घालून पूर्ण पारदर्शक होईपर्यंत गरम करा आणि पातळ पॉलिथिलीनच्या नळीत सिरिंजने ओढा. नळी उजेडासमोर धरून शेवटपर्यंत बघा. मध्ये केसाएवढी जरी हवेची फट दिसली तर ती नळी टाकून द्या. टोक सुकून अगर आत ओढला गेला असेल तर ताज्या ब्लेडने तेवढा भाग कापा.

ब्रिजमध्ये कोणतं द्रावण भरलंय हेही विचारा. 3 मोलर पोटॅशियम क्लोराइडने जंक्शनचं व्होल्टेज (दोन वेगळी द्रावणं भेटतात तिथे तयार होणारं) कमी होतं म्हणून ते वापरतात, पण ते चेंबरमध्ये झिरपतं. 10 मिलिलिटरच्या कप्प्यात त्याचे 10 मायक्रोलिटर जरी उतरले तरी पोटॅशियम 3 मिलिमोलर वाढतं, म्हणजे रिंगरमधल्या मूळ प्रमाणाच्या दुपटीहून वर. आतल्या बाजूचा पडदा पोटॅशियमवरच चालतो. तिथे पोटॅशियम वाढलं की पेशीचं व्होल्टेज पडतं आणि त्याबरोबर तुमचंही. लांब चालणाऱ्या प्रयोगात मी रिंगरमध्येच केलेले ब्रिज वापरते. दोन्ही बाजूंना एकच द्रावण असताना जंक्शनचा फरक तसाही एकमेकांना खोडून टाकतो.

द्रावण

उभयचरांचं रिंगर आणि सस्तन प्राण्यांचं रिंगर यांच्या बाटल्या एकाच कपाटात असतील, तर आज ना उद्या अदलाबदल होणारच. बेडकासाठी मी लिटरला असं करते: मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड 6.43 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 0.19 ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट 0.21 ग्रॅम, आणि सगळ्यात शेवटी, बाकी सगळं विरघळल्यावर, कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट 0.15 ग्रॅम. कॅल्शियम आधी घातलं तर बायकार्बोनेटबरोबर गढूळ होण्याची भीती असते. साध्या हवेचे बुडबुडे सोडल्यावर पीएच 8.1 ते 8.2 च्या आसपास बसतो आणि ऑस्मोलॅलिटी (द्रावणात एकूण किती कण विरघळलेत त्याचं माप) 220 च्या जवळ.

सस्तन प्राण्यांचं द्रावण 290 च्या आसपास असतं. ते बाहेरच्या बाजूला गेलं तर पेशींमधले घट्ट सांधे सैल होतात आणि रोध धडाधड उतरतो. बाहेरचं द्रावण जास्त तीव्र केलं की पेशींच्या मधली वाट उघडते हे उसिंग आणि विंडहॅगर यांनी 1964 मध्ये बेडकाच्याच त्वचेवर दाखवलं होतं. त्यामुळे "कडेची गळती" म्हणून ज्याचा शोध चालू असतो ती कधीकधी चुकीच्या बाटलीतून आलेली असते. ऑस्मोमीटर असेल तर एक थेंब पुरतो. नसेल तर ताजं द्रावण करून बघा, त्याला जेमतेम अर्धा तास लागतो.

उलट तक्रारही येते: व्होल्टेज अचानक फार चांगलं, शंभरच्या वर. आनंद होतो, पण आधी पाण्याचा उगम बघा. तांब्याचे अगदी सूक्ष्म अंशसुद्धा त्वचेची क्लोराइडची वाट अडवतात. मागून येणारं क्लोराइड थांबलं की धन प्रभार साचतो आणि व्होल्टेज चढतं. क्लोराइडऐवजी सल्फेटचं रिंगर वापरलं तरी असंच होतं, आणि तेव्हा ते अपेक्षित असतं. पाणी जुन्या, तांब्याचे भाग असलेल्या डिस्टिलेशन संचातून येत असेल तर ते बदला.

हवा आणि तापमान

पंपाला ऊर्जा लागते आणि ती श्वसनातून येते. एका ऑक्सिजनच्या रेणूमागे ही त्वचा साधारण 18 सोडियम आयन आत नेते, एवढा त्यांचा थेट संबंध आहे. हवेची नळी बंद पडली की करंट सावकाश उतरतो आणि नळी पुन्हा सुरू केली की सावरतो. दोन्ही कप्प्यांत बुडबुडे सारख्याच वेगाने येताहेत का ते पाहा. आतल्या बाजूला संयोजी ऊतींचा जाड थर असतो, त्यामुळे तिथलं ढवळणं जास्त महत्त्वाचं. तापमान 20 ते 22 अंशांवर एकसारखं ठेवा.

डमी रोध

आता यंत्र. दुकानात काही रुपयांना मिळणारा 2 किलो-ओहमचा रोध घ्या आणि यंत्राच्या जोडण्या चेंबरऐवजी त्यालाच लावा. 10 मायक्रोअँपिअर सोडले तर बरोबर 20 मिलिव्होल्ट दिसले पाहिजेत. करंट दुप्पट केला तर व्होल्टेजही दुप्पट. क्लॅम्प चालू करून शून्यावर धरलं तर करंट शून्य. हे तिन्ही जमलं तर यंत्र बरोबर आहे, मागे वळून चेंबरकडे या.

रेघ थरथरत असेल तर ती थरथर 50 हर्ट्झची आहे का बघा. हवेचा पंप, ट्यूबलाइट, ढवळणाऱ्या मोटारी एकेक करून बंद करा. ज्या क्षणी रेघ शांत होते तो दोषी. सगळ्या उपकरणांचं अर्थिंग एकाच बिंदूला असू द्या.

द्रावणाच्या स्वतःच्या रोधाची भरपाई हा विषय पुष्कळ जण इथे काढतात. ब्रिजची टोकं त्वचेपासून दोन-तीन मिलिमीटरवर असतील तर तो रोध पन्नासेक ओहम-चौ. सेंमी.च्या आसपास निघतो. आतड्याच्या ऊतीसाठी तो जीवघेणा ठरेल, कारण तिचा स्वतःचा रोधच तेवढा असतो. बेडकाच्या 2000 पुढे तो किरकोळ आहे. भरपाई करा, पण साठाचे पंधरा त्याने होत नाहीत.

कडा

इथपर्यंत सगळं ठीक निघालं आणि रोध तरीही पडत असेल, तर गुन्हेगार बहुधा कडेला आहे. चेंबरचे दोन अर्धे भाग त्वचेला जिथे आवळतात तिथल्या पेशी चिरडल्या जातात. चिरडलेली पेशी लगेच फुटत नाही. काही मिनिटांत ती फुगते, सुटते आणि तिच्या जागी द्रावणाला थेट वाट मिळते. म्हणून पहिला आकडा चांगला येतो आणि मग घसरतो.

भोकाचा आकार इथे फार महत्त्वाचा. 1 सेंमी. व्यासाच्या भोकात दर चौ. सेंमी. त्वचेमागे 4 सेंमी. कडा येते. 2 सेंमी. व्यासाच्या भोकात फक्त 2 सेंमी. म्हणजे तेवढ्याच नुकसानीचा परिणाम निम्मा. छोट्या प्राण्याची त्वचा छोट्या भोकावर लावणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो तो यामुळेच. बेडकाच्या त्वचेतलं कडेचं नुकसान टाळण्याची पद्धत हेलमन आणि मिलर यांनी 1971 मध्येच मांडली होती. तरीही आजच्या कितीतरी चेंबर्समध्ये धारदार कडा आणि स्क्रू पिळण्याची मुभा तशीच आहे.

मी करते ते असं. धातूची किंवा ॲक्रिलिकची कडा बोटाने चाचपून बघते. खरखर लागली तर बारीक पॉलिश पेपरने गोल करते. दोन्ही अर्ध्यांच्या कडेवर सिलिकॉनच्या व्हॅक्यूम ग्रीसचं अगदी पातळ वलय बोटाने फिरवते. काचेवर फुंकर मारल्यावर जेवढी वाफ बसते तेवढंच. जास्त लावलं तर ते आत सरकून त्वचेचा पृष्ठभाग झाकतं आणि करंट कमी दिसतो. स्क्रू समोरासमोरचे, आळीपाळीने, गळती थांबेल इतपतच. मग कोरड्या टिशूने चेंबरचा सांधा बाहेरून टिपते. टिशू ओला झाला तर गळती बाहेर आहे. कोरडा राहिला आणि रोध तरी कमी, तर ती कडेतून आतल्या आत आहे.

त्वचा काढतानाच जखम झाली आहे का हेही याच वेळी बघायला हवं. पोटाची त्वचा स्नायूंपासून काही रेषांवरच चिकटलेली असते, मधे मोकळ्या लसिका-पोकळ्या असतात. कात्रीचं टोक त्या चिकटलेल्या रेषांवर घसरलं की सुईएवढं भोक पडतं. एवढ्या एका भोकाने सगळं व्होल्टेज जातं.

औषधांची चाचणी

हे शेवटाकडे ठेवलं आहे कारण औषध घातल्यावर ती त्वचा पुढच्या प्रयोगासाठी पूर्वीसारखी राहील याची खात्री नसते.

बाहेरच्या बाजूला 10 मायक्रोमोलर अमिलोराइड. मिनिटाभराच्या आत करंट जवळजवळ तळाला जायला हवा आणि रोध वाढायला हवा. धुतल्यावर करंट परत येतो. असं झालं तर तुमचा करंट सोडियमचाच आहे आणि त्वचा जिवंत आहे, मग व्होल्टेज कितीही असो. बराच करंट शिल्लक राहिला तर त्वचेतल्या ग्रंथींचा विचार करा. ताणात असलेल्या बेडकात ॲड्रेनलिन वाढतं, ग्रंथी क्लोराइड बाहेर सोडतात, आणि बाहेर जाणारा ऋण आयन मीटरला आत येणाऱ्या धन आयनासारखाच दिसतो. प्राणी शांतपणे हाताळणं हा इथे मोजमापाचाही भाग आहे.

अमिलोराइडचा परिणाम दिसतोय पण मुळातला करंटच फार कमी, तर आतल्या बाजूला व्हॅसोटोसिन (सोडियमची वाहतूक वाढवणारं संप्रेरक) देऊन बघा. पंधरा-वीस मिनिटांत करंट चढला तर यंत्रणा शाबूत आहे, तिला फक्त चालना कमी होती. अजिबात चढला नाही तर प्राण्याकडे वळा.

प्राणी

ज्या बेडकाला खारट पाण्यात ठेवलं आहे तो त्वचेतून सोडियम फारसं ओढत नाही. मीठ राखून ठेवणारं संप्रेरक अल्डोस्टेरॉन कमी असतं, वाहिन्या कमी उघड्या असतात. साध्या, क्लोरीन काढलेल्या गोड्या पाण्यात ठेवलेल्या प्राण्यांची वाहतूक चांगली असते. कात टाकण्याच्या आसपास आकडे अस्थिर असतात. टाकीत तरंगणारी पातळ पारदर्शक साल दिसली तर त्या प्राण्याला त्या दिवशी घेऊ नका. ऋतूप्रमाणे आणि जातीप्रमाणेही फरक पडतो, म्हणून पुस्तकातल्या आकड्यांपेक्षा आपल्या प्रयोगशाळेची वही जास्त उपयोगी.

आणि आजार. बॅट्राकोकायट्रियम ही बुरशी उभयचरांच्या त्वचेच्या नेमक्या याच थरात वाढते. ऑस्ट्रेलियातल्या हिरव्या वृक्षबेडकांवरचं काम 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. आजारी प्राण्यांच्या त्वचेतली आयनांची वाहतूक निम्म्याहून जास्त कमी झाली होती, रक्तातलं सोडियम साधारण 20 टक्क्यांनी आणि पोटॅशियम 50 टक्क्यांनी घटलं होतं, आणि शेवटी हृदय थांबत होतं. आपण ज्याला "खराब त्वचा" म्हणून बाजूला टाकतो, ते एका प्राण्याच्या मृत्यूचं कारण असू शकतं, आणि टाकीतल्या बाकीच्यांच्याही. सह्याद्रीतल्या बेडकांमध्येही या बुरशीचा संसर्ग नोंदवला गेला आहे, तेव्हा हा प्रश्न फक्त परदेशातला नाही.

महाराष्ट्रातून कुणी हे वाचत असेल तर आणखी एक. पावसाळ्यात शेतात ओरडणारा मोठा बेडूक 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. तो पकडून हा प्रयोग करता येत नाही. नोंदणीकृत केंद्रातला प्राणी आणि संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची लेखी परवानगी, दोन्ही हवं.

कुठे थांबायचं

डमी रोधावर यंत्र चुकीचं वाचत असेल, शून्य टिकत नसेल किंवा क्लॅम्प आपोआप झोके घेत असेल, तर झाकण उघडू नका. उपकरण-अभियंत्याला बोलवा. चेंबर किंवा यंत्राच्या पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर त्याच क्षणी मेन स्विच बंद करा. मिठाच्या पाण्याने ओलं झालेलं टेबल आणि अर्थिंग तुटलेलं यंत्र हे प्राणघातक आहे. ते काम इलेक्ट्रिशियनचं.

कडा, द्रावण, ब्रिज, हवा सगळं ठीक असताना एकाच टाकीतल्या दोन प्राण्यांच्या त्वचा कमी करंट देत असतील, तर तिसरा घेऊ नका. उभयचरांची माहिती असलेल्या पशुवैद्याला बोलवा आणि त्वचेवर फिरवलेला कापसाचा बोळा बुरशीच्या तपासणीला पाठवा. पोट किंवा मांड्यांवर लाली, सुस्ती, टाकीतल्या पाण्यावर नेहमीपेक्षा जास्त साल, पाय पसरून बसणं, यांतलं काहीही दिसलं तर एका प्राण्यावरच फोन करा. उत्तर येईपर्यंत ती टाकी वेगळी ठेवा, तिची जाळी दुसऱ्या टाकीत वापरू नका, आणि पाणी ब्लीच घालून निर्जंतुक केल्याशिवाय नाल्यात सोडू नका.